रूथबाईंची वंशावळ

आपले पणजोबा-खापरपणजोबा शोधायला माणूस पदरचे पैसे घालून देशोदेशी हिंडतं, हे आमच्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. गेलेली माणसं पितर झाली, पितृपक्षात त्यांना घास टाकला की त्यांचं भागलं आणि आपलंही भागलं, असा तिचा सरळ हिशेब. तरी त्या उन्हाळ्यात रूथबाईंच्या पूर्वजांमध्ये घरातलं कुणी सगळ्यांत जास्त बुडून गेलं असेल तर ती आईच. मी बी.ए.च्या परीक्षा देऊन मोकळी झाले होते आणि निकाल लागेपर्यंत माझं काय करायचं हे घरात कुणालाच कळत नव्हतं. आम्ही मंगळवार पेठेत चौगुले आप्पांच्या माडीवर भाड्यानं राहायचो. खाली त्यांचं किराणा दुकान. सकाळी दुकानाच्या फळ्या निघायचा खडखडाट झाला की आमचा दिवस सुरू व्हायचा. जिन्यातून गुळाचा आणि मिरचीचा वास सतत वर येत असे, त्यामुळे आमच्याकडं पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास शिंकत शिंकतच येई. रूथबाईही तशाच आल्या. उंच, हडकुळ्या, साठीच्या पुढच्या अमेरिकन बाई, पायात पुरुषांसारखे बूट आणि काखेत एक लांबलचक पत्र्याची नळी.

त्यांना आमच्याकडं पाठवलं होतं आण्णांच्या जुन्या हेडमास्तरांनी. आण्णा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. गावात कुणाला इंग्रजी अर्ज करायचा असो की इंग्रजी बोलणारा जावई समजून घ्यायचा असो, लोक आण्णांकडं येत. पण आण्णा पेपर तपासण्यात गळ्यापर्यंत बुडालेले, तेव्हा दुभाषी म्हणून माझी नेमणूक झाली. माझं इंग्रजी पुस्तकी होतं आणि रूथबाईंचं नाकातलं. पहिले काही दिवस आम्ही दोघी एकमेकींकडं बघून नुसत्या मान डोलवत होतो. स्टेशनजवळच्या लॉजवरचं तिखट खाऊन त्यांचं पोट बिघडलं, तेव्हा आईनं त्यांना दुपारी इथंच जेवायला यायला सांगितलं. आई आजऱ्याची. माहेरून आलेला घनसाळ तांदूळ ती सणावारालाच काढायची. त्या बाईंसाठी मात्र रोज काढायची, मऊ शिजवून, वर तूप आणि मेतकूट घालून. भाताचा वास जिन्यात मिरचीवर मात करायचा आणि खालून चौगुले आप्पा विचारायचे, आज काय सण हाय काय, मास्तरीणबाई?

आमच्याकडं जेवायला आल्या त्या पहिल्याच दिवशी जेवण झाल्यावर रूथबाईंनी ती नळी उघडली आणि आतून कागदाची गुंडाळी काढून आमच्या सोप्यात पसरली. ती भिंतीपासून भिंतीपर्यंत गेली. कोपरे उडू नयेत म्हणून आईनं एकीकडं तांब्या ठेवला, दुसरीकडं वरवंटा. कागदभर नावं आणि रेघा होत्या. अगदी वर एक सुतार. अमेरिका अजून इंग्रजांच्या राजाची होती त्या काळात तो जहाजातून तिकडं उतरला. त्याचं आडनाव हॅलेट, आणि रूथबाई त्याच्या वंशातल्या. त्यांनी आयुष्यभर एका शाळेचं ग्रंथालय सांभाळलं, लग्न केलं नाही आणि दर सुट्टीत गावोगावची दफ्तरं धुंडाळून हा कागद भरत आणला. देवळातले बाप्तिस्म्याचे दाखले, जहाजावरच्या उतारूंच्या याद्या, करवसुलीचे कागद, मृत्युपत्रं. थडग्यावरची अक्षरं पुसट झाली असतील तर त्यावर पातळ कागद धरून कोळसा घासायचा, म्हणजे नाव उमटतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. नंतर मी आमच्या वरवंट्यावरसुद्धा घासून पाहिलं होतं.

मला सगळ्यांत नवल वाटलं ते मृत्युपत्रांचं. तिकडं माणूस मरताना लोखंडी भांड्यापासून अर्ध्या गोठ्यापर्यंत सगळं लिहून ठेवायचा. एका हॅलेटानं बायकोला घराची दक्षिणेकडची अर्धी बाजू, एक गाय आणि विहिरीवर जायची वाट लिहून दिली होती. मी हे आईला मराठीत सांगितलं. आई भांडी घासता घासता थांबली. "विहिरीची वाट लिहून द्यायला लागली म्हंजे पोरगा काय बरा नसणार," ती म्हणाली. मी ते इंग्रजीत सांगितल्यावर रूथबाई कागदाकडं बघत राहिल्या आणि मग हसत सुटल्या. तो मुलगा आईशी भांडून पुढं कोर्टात गेल्याचा कागद त्यांना खरोखरच सापडला होता. त्या दिवसापासून आईचं आणि त्यांचं जमलं. आई काम आटोपून कागदाशी येऊन बसायची आणि विचारायची, ह्या बाईचं माहेर कुठलं? बहुतेक ठिकाणी माहेर कोरंच होतं. "तिकडं बी बायका कुठनं आल्या ते लिवत न्हाईत व्हय?" आईनं विचारलं. रूथबाई म्हणाल्या, नाही लिहीत, आणि माझा निम्मा जन्म त्यांनाच शोधण्यात गेला.

आता त्या कोल्हापुरात का आल्या, ते सांगते. त्या वंशातला एक जण पाद्री होऊन इथल्या मिशनमध्ये आला होता. रूथबाईंचे वडील त्याचे एकुलते एक, इथंच जन्मलेले, चार वर्षांचे असताना अमेरिकेला गेलेले. तिकडं हॅलेट कुळाचं एक मंडळ होतं आणि ते सगळ्या घराण्याचं पुस्तक छापत होतं. मंडळाच्या चिटणीसानं, जो नात्यानं रूथबाईंचा लांबचा चुलत भाऊच, त्यांना कळवलं होतं, की तुझ्या वडिलांच्या जन्माचा कसलाच पुरावा नाही, पाद्रीणबाईंना मूल होत नव्हतं असं जुन्या लोकांच्या बोलण्यात होतं, तेव्हा पुरावा आणलास तर ठीक, नाहीतर पाद्रीसाहेबांच्या नावापुढं आम्ही निर्वंश असं छापणार. ज्या बाईनं त्या मंडळाला निम्मी नावं शोधून दिली, तिलाच ते बाहेर काढायला निघाले होते. निर्वंश हा शब्द आईला समजावून सांगायची गरज पडली नाही. तिनं बाईंच्या पानात आणखी भात वाढला.

मिशन कंपाउंडात आमचं जाणं सुरू झालं. चिंचेची मोठी झाडं, उतरत्या कौलांचा बंगला, मागं नोकरांच्या खोल्यांची ओळ. बंगल्यात आता भाडेकरू होते. तिथल्या ख्रिस्ती देवळाच्या पाळकांनी कपाट उघडून जुनी बुकं काढली, पण आम्हाला हव्या त्या वर्षांची पानं कसरीनं खाऊन त्यांची चाळण झाली होती. उचलली की भुगा पडायचा. रूथबाईंनी तो भुगा तळहातावर घेतला आणि नीट परत ठेवला. मग आम्ही माणसांकडं वळलो. पण माणसं कसरीपेक्षा वाईट निघाली. आम्ही फाटकातून आत शिरलो की दारं लागायची. कुणाला काही माहीत नसायचं. मागच्या खोल्यांमधली सगळ्यांत म्हातारी होती सालोमीबाई. तिची आई पाद्रीणबाईंकडं आया होती, असं पाळकांनी सांगितलं होतं. ही सालोमीबाई आम्हाला बघताच ठार बहिरी व्हायची. एकदा आम्ही माघारी वळल्यावर शेजारणीनं लांबून हळूच विचारलेल्याला तिनं पाणी आलंय म्हणून इतकं चटकन उत्तर दिलं, की मी रूथबाईंना त्याचं भाषांतर करणंच टाळलं. मला राग यायचा. या एवढ्या लांबून आलेल्या बाईशी कुणी दोन शब्द का बोलत नाही, हे कोडं मला सुटत नव्हतं.

ते सुटलं चौगुले आप्पांच्या तोंडून. एका संध्याकाळी ते आण्णांना मोठ्या अभिमानानं सांगायला लागले, की मास्तर, तुमी भोळी माणसं, म्हणून मीच सगळ्यांना सावध करून ठेवलंय. कंपाउंडातली बरीच घरं त्यांच्याकडूनच किराणा नेत असत. "वंशावळ कोण काढतंय हो, मास्तर? तलाठ्याकडं आमी काढतोय, ते बी जमिनीला वारस लावायला. उगंच कोण मेल्या माणसांची नावं हुडकत हिंडतंय? त्या बाईचा बंगल्यावर डोळा हाय." आण्णा आधी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग हसू ओसरलं आणि ते चिडले. पण खरं सांगायचं तर आप्पांचं चुकलं कुठं? आमच्याकडं वंशावळ निघते ती वाटणीसाठी नाहीतर सोयरिकीसाठी. रूथबाईंचं लग्नाचं वय उलटून गेलेलं, तेव्हा राहिली ती जमीन. सालोमीबाईला वाटत होतं, आपण खरं बोललो की आपली खोली गेली.

दुसऱ्या दिवशी आण्णा पेपर बाजूला ठेवून, कोट घालून आमच्याबरोबर आले. सालोमीबाईच्या दारात उभं राहून त्यांनी शांतपणे सांगितलं, की या बाईंना ना बंगला पाहिजे ना जागा, त्यांना फक्त आपला बाप कुणाचा हे पाहिजे. म्हातारीनं त्यांना खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. मग आतून बायबल आणलं आणि रूथबाईंच्या पुढं धरलं. रूथबाईंनी त्यावर हात ठेवून आण्णा सांगतील ते मराठीतच म्हटलं, मोडकंतोडकं, पण शेवटपर्यंत. त्याबरोबर सालोमीबाईचे कान एकदम साफ झाले. तिनं आम्हाला गूळ-पाणी दिलं, खाटेवर बसवलं आणि सांगायला लागली. ती सांगत होती आणि मी वाक्यावाक्याला इंग्रजी करत होते. पुढं काय येणार हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी थांबवूही शकले नाही.

तिच्या आईच्या, सगुणेच्या, वेळेला कंपाउंडात दोन मडमा होत्या. थोरली ती हॅलेट मडम. धाकटी नुकतीच लग्न होऊन, बोटीनं कोकणात उतरून घाट चढून आलेली. वाटेत तिचा नवरा पटकीनं गेला. ती इथं बाळंत झाली, तिला ताप भरला आणि तो उतरला नाही. "धाकट्या मडमेनं सोताच्या हातानं पोर माझ्या आईकडं दिलं आन् थोरलीकडं बोट केलं," सालोमीबाई म्हणाली. "आईनं नारळ, खण आन् मूठभर तांदूळ घिऊन पोर थोरलीच्या ओटीत घातलं. पाद्रीसायब कावलं, आपल्यात ह्ये चालत न्हाई म्हनलं. तर थोरली मडमच म्हनली, असू दे. नारळाबिगार ओटीत घातल्यालं पोर टिकत न्हाई, आसं आईनं तिला सांगितलंतं." त्या दिवसापासून ते पोर हॅलेट साहेबांचं. कंपाउंडात पुन्हा तो विषय कुणी काढला नाही. धाकट्या मडमेचं नाव काय, असं मी विचारलं. ते सालोमीबाईला माहीत नव्हतं. तिची आईही तिला धाकटी मडमच म्हणायची.

ओटीत घालणं याला इंग्रजी काय? मी मांडीवर ठेवलं असं म्हणाले. रूथबाईंना कळेना. मांडीवर तर कुणीही कुणाचंही मूल घेतं. शेवटी आण्णांनी समजावलं. रूथबाईंनी फक्त विचारलं, ती कुठं आहे? दफनभूमीच्या एका कोपऱ्यात करवंदीच्या जाळीखाली एक दगड होता. सालोमीबाई नाताळाला तिथं फुलं ठेवायची, तिची आई ठेवायची म्हणून. रूथबाई गुडघ्यावर बसल्या, पिशवीतून पातळ कागद काढला, दगडावर धरला आणि कोळसा घासायला लागल्या. कागद सगळा काळा झाला. एकही अक्षर उमटलं नाही. तरी त्या घासत होत्या, आणि आण्णांनी त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा थांबल्या. आण्णा परक्या बाईला हात लावणाऱ्यांतले नव्हते. मला त्या वेळी रडू आलं, आणि आज लिहितानाही येतंय.

घरी आल्यावर त्या सोप्यात बसल्या. चुलत भाऊ म्हणत होता ते खरंच होतं, त्या म्हणाल्या. तीनशे वर्षांची माणसं मी शोधली आणि त्यांतलं एकही माझं नाही. मग मी कोण? वडिलांना हे माहीत होतं का, हे त्यांना आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी जे बोलून दाखवलं, ते आम्हा सगळ्यांच्याच मनात आलेलं होतं. कागद तर कुठंच नाही. पाळक लिहून देतील, की त्या वर्षांची नोंद नष्ट झाली. त्यावर कोल्हापुरातल्या जुन्या माणसांनीही हा हॅलेटांचाच मुलगा असं सांगितलं, एवढं जोडलं तर मंडळ मान्य करील. आणि ते खोटंही नव्हतं, सालोमीबाई तसंच म्हणाली होती. त्या आण्णांकडं बघत होत्या. तुम्ही काय कराल, असं त्यांनी विचारलं.

आण्णा दत्तक होते. हे आमच्या घरात लपवलेलं नव्हतं, तसं कधी बोललेलंही नव्हतं. कोल्हापूरच्या गादीपासून आमच्या गल्लीपर्यंत दत्तकाची कुणाला नवलाई नव्हती. नेसरीच्या थोरल्या चुलत्यांना मूल नव्हतं, म्हणून आण्णा लहानपणी त्यांच्या मांडीवर बसले. घर एकच, चूलही एकच. चुलती आई झाली आणि जन्म दिलेली आई काकू झाली. आम्ही मुलंही तिला काकूच म्हणायचो. हे सगळं मला ठाऊक होतं आणि त्यात विचारण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. रूथबाईंनी विचारलं. तुम्हाला कसं वाटायचं? आण्णांनी चष्मा काढून पुसला. मग इंग्रजीत बोलले, कदाचित मराठीत बोलणं त्यांना जमलं नसतं. "काकू मला वाढताना ताटाकडं बघायची, तोंडाकडं कधी बघायची नाही. मला कळायचं, ती का बघत नाही. मी श्राद्ध एकीचं घालतो. पण काकू गेली त्या तिथीला माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तुम्ही काय करावं, हे मी कसं सांगू?"

आईला इंग्रजी येत नव्हतं, पण काकू हा शब्द तिनं ऐकला होता. ती पदरानं हात पुसत बाहेर आली. "आधी जेवा," ती रूथबाईंना म्हणाली. "उपाशीपोटी वंश मोजू नका." रूथबाईंना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, तरी त्या पानावर येऊन बसल्या.

सकाळी दुकानाच्या फळ्या निघत असतानाच त्या जिना चढून, शिंकत, हजर झाल्या. रात्रीत उन्मळून पडलेली बाई बघायला मिळणार म्हणून मी जपूनच दार उघडलं होतं. पण त्यांचे डोळे सुजलेले असले तरी चमकत होते. चुलत भावाला सगळं जसंच्या तसं लिहून, पत्र टपालात टाकूनच त्या आल्या होत्या. नारळ आणि खणसुद्धा लिहिला, म्हणाल्या. त्या कोपऱ्यातल्या बाईंना गप्प ठेवून पुस्तकात बसणं त्यांना जमणार नव्हतं. त्याचं फळ काय मिळालं, ते सांगून टाकते. पुढं मंडळाचं पुस्तक निघालं आणि त्यात पाद्रीसाहेबांच्या नावापुढं निर्वंश असंच छापलं गेलं. रूथबाईंनी आम्हाला तसं कळवलं, पण तक्रारीचा एक शब्द नव्हता. त्याच पत्रात त्यांनी मला विचारलं होतं, की कोकणात उतरणाऱ्या बोटींच्या उतारूंच्या याद्या मुंबईत कुठं बघायला मिळतील. त्या याद्या बघायला मी पुढं मुंबईला गेले, आणि जुने कागद वाचण्याचा जो नाद मला तिथं लागला, त्यावरच माझं पोट चाललं.

पण त्या सकाळचं राहिलं. रूथबाईंनी ती मोठी गुंडाळी पुन्हा सोप्यात पसरली, पालथी घालून. मागची बाजू कोरी होती. मधोमध त्यांनी वडिलांचं नाव लिहिलं आणि वर दोन रेघा काढल्या. एका रेघेवर पाद्री आणि पाद्रीणबाई. दुसरी रेघ मोकळी. आता हिला शोधायचं, त्या म्हणाल्या, कुठून सुरुवात करू या? आणि मग त्यांना शंका आली, की दोन्ही रेघा सारख्याच ठेवाव्यात, की एक तुटक काढावी? तुमच्याकडं दत्तक कसा दाखवतात? आण्णांनी पेन्सिल मागून घेतली. कागदाच्या एका कोपऱ्यात त्यांनी आपलं नाव लिहिलं आणि वर दोन रेघा काढल्या, दोन्ही सारख्या ठळक. एका रेघेवर दत्तक घेणाऱ्या आईवडिलांची नावं भराभर इंग्रजीत लिहिली. दुसरीवर वडिलांचं नाव लिहिलं आणि हात थांबला. मला वाटलं, त्यांना नाव आठवत नाही. मग त्यांनी मराठीत काहीतरी लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

रूथबाईंना ते वाचता येईना. त्यांनी माझ्याकडं बघितलं. काकूंना नाव असेल हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. घरात त्या धाकट्या वैनी होत्या, जाऊबाई होत्या, काकू होत्या. मी खाली वाकले आणि आण्णांच्या सुवाच्य मास्तरी अक्षरातलं मोठ्यानं वाचलं: आई, गोदावरी.